अल्माटीत पत्ता विचारताना

या शहरात उजवं-डावं कुणी सांगत नाही.
औषधाचं दुकान? वर, दोन चौक.
पोस्ट? खाली, पॉपलरची रांग संपली की.
वर म्हणजे डोंगराकडे,
खाली म्हणजे गवताळ मैदानाकडे, जिथे म्हणे
रस्ते कंटाळून सरळ होतात.

हे मला कुल्याश आपायनं पहिल्याच दिवशी शिकवलं.
एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली बाईंनी,
आता माझ्यासारखीला शहर दाखवतात, दिवसाच्या बोलीवर.
"नकाशा पिशवीत ठेव," त्या म्हणाल्या,
"हे शहर माझ्या उजव्या पायात आहे.
ब्रेक किती दाबावा लागतो, त्यावरून मी गल्ली ओळखते."

मोडक्या रशियनमध्ये मी सांगून पाहिलं,
की माझ्या भाषेत देव देतो तोही वर,
आणि अंतरपाटामागे ताटकळतो तोही वरच.
त्या हसल्या. सोन्याचे दोन दात चमकले.
"आमच्याकडे वरून फक्त पाणी येतं.
कधीमधी चिखल, दगडधोंड्यांसकट."

मग बघण्यासारखं सगळं बघितलं.
भूकंपाला पुरून उरलेलं लाकडी चर्च, पिवळंधमक,
त्याच्या पायरीवर एक नवरी
एका हातानं झिरझिरीत ओढणी सावरत
दुसऱ्यानं सँडविच खात होती.
बाजारात कोरियन बाईंनी गाजराचा लसणी कीस
थेट माझ्या तळहातावर ठेवला,
आणि कुरुताचा खारट गोळा:
दाताखाली खडू, घशाखाली ताक.
दोरीवरच्या डब्यात बसून टेकडीवर गेलो.
पायाखालून पत्र्याची छपरं सरकत होती,
कुणाच्या अंगणात सात मोजे वाळत होते.
सातच. मी दोनदा मोजले.

"हे कुठल्या पुस्तिकेत नाही," म्हणत
आपायनं मला काचेच्या दोन टॉवरांमागे नेलं.
गाड्या लावायच्या जागेत सफरचंदाचं एक झाड.
बुंध्याला चुना, फांदीला कुणाचंसं हेल्मेट.
इथे बाग होती. सरकारी,
पण राखण त्यांच्या यजमानांची, सपारबेकची.
हल्ली त्यांना घर आठवत नाही. निघून जातात.
पहिल्या वेळी आपाय खाली शोधत राहिल्या,
रस्त्याकडेच्या पाटाचं पाणी जाईल तिकडे.
हरवलेला माणूस उताराला लागतो, असा त्यांचा हिशेब.
तीन तास.
आणि हे इथे, वर, सपाता घालून
टॉवरच्या वॉचमनशी भांडत होते:
फाटक कुणी उघडं टाकलं, मेंढ्या शिरतील ना.

थांब्याचं नाव पुकारावं
तसं सांगितलं त्यांनी हे सगळं.
मग टाचा उंचावून एक फळ तोडलं,
तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं.
"खा. किडकं असेल तेवढं सोड."
मला तेव्हा खाववेना.

रात्री एकटी फिरताना हॉटेल हरवलं.
हॉटेल वर, तीन चौक, एवढं पाठ होतं.
पण धुरानं डोंगर गिळलेला,
चारी दिशा सारख्याच काळ्या.
पाटात वाकून पाहिलं, तर कोरडा.
थंडी लागली की पाणी बंद करतात म्हणे.
तळाशी पानं, सिगारेटची थोटकं, जागच्या जागी.

एक कुत्रा थांबून बघत होता.
मी पिशवीतून सफरचंद काढलं
आणि रस्त्याच्या मधोमध ठेवून हात सोडला.

आधी ते विचारात पडल्यासारखं डुललं.
मग निघालं,
चेपलेल्या बाजूवर लंगडत, लंगडत,
आणि एका गाडीच्या चाकाला टेकून थांबलं.

मी जाऊन ते उचललं, बाहीला पुसलं,
पहिला घास घेतला,
आणि उलट्या दिशेनं चालू लागले.